सीओपीडीचा जोड-औषधाचा पंप: खोक्यावर काय वाचायचं, श्वास कसा ओढायचा, दम वाढला तर काय करायचं

जानेवारीतली सकाळ होती. अंगणात ऊन आलं होतं आणि माय बाजेवर बसून सीओपीडीचा (धूर-धुळीने होणाऱ्या छातीच्या जुनाट आजाराचा) पंप, म्हणजे इनहेलर, घेत होती. तिने तोंड उघडलं, पंप दाबला, आणि उन्हाच्या तिरिपीत मला स्वच्छ दिसलं की पांढरा फवारा तिच्या ओठांवरून जसाच्या तसा बाहेर पडला. श्वास तिने ओढलाच नव्हता. दाबून झाल्यावर एक सुस्कारा टाकला आणि पंप कनवटीला लावला. "रोज लेस मी पंप, तरी दम लागस," असं ती महिनाभर म्हणत होती, आणि औषध वाढवून घ्यावं का याचा मी विचार करत होतो. औषध पुरेसं होतं, पण ते छातीपर्यंत पोचत नव्हतं.

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधाचं दुकान आहे. त्या सकाळनंतर मी एक नियम केला: पंपाचं खोकं नुसतं पिशवीत घालून द्यायचं नाही, गिऱ्हाइकाला समोर बसवून एकदा घ्यायला लावायचं. खूप जण तीच चूक करतात. कुणी श्वासाने ओढायच्या पुडीची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळतात, कुणी दोन दाब एकाच श्वासात घेतात, कुणी बरं वाटलं की पंप फडताळात ठेवून देतात. काउंटरवर उभ्या-उभ्या पाच मिनिटांत जे सांगून होत नाही, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी आजार कोणता ते नक्की करा

आपल्याकडे छातीच्या प्रत्येक तक्रारीला 'दमा' म्हणतात. दमा आणि सीओपीडी हे दोन वेगळे आजार आहेत. दम्यात श्वासनलिका आकसतात आणि औषधाने बऱ्याच अंशी पुन्हा मोकळ्या होतात. तो बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो आणि मधले दिवस अगदी छान जातात. सीओपीडी म्हणजे वर्षानुवर्षं धूर-धूळ छातीत गेल्याने श्वासनलिकांना आणि फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांना झालेली कायमची इजा. ती बहुतेक चाळिशीनंतर दिसू लागते, हळूहळू वाढते आणि पूर्ण उलटत नाही. काहींना दोन्ही असतात, आणि ते कळणं औषध निवडताना फार महत्त्वाचं ठरतं.

२०१६ साली भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते असा अंदाज आहे. हा फक्त बिडी ओढणाऱ्यांचा आजार नाही. माझ्या मायने आयुष्यात बिडीला हात लावलेला नाही. तिने चाळीस वर्षं पऱ्हाटीच्या काड्या फुंकल्या. आखाजीला खापरावरचे मांडे, हिवाळ्यात भरताची वांगी, रोजच्या कळण्याच्या भाकरी, सगळं चुलीवर. खान्देशात याच्या जोडीला जिनातली रुई आणि कपाशीची धूळ, डाळमिलचा भुसा, नंदुरबारच्या मिरची पथारीवरचा खाट आहेच. अशा ठिकाणी वर्षं काढली असतील आणि खोकला-बेडका-धाप मागे लागली असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका.

नक्की निदान फुंकणीच्या तपासणीने होतं, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी रुग्णाला जोराने फुंकायला लावतात. पहिल्या एका सेकंदात बाहेर आलेली हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी भरली, तर श्वासनलिकांत अडथळा आहे असं धरतात. नुसत्या एक्स-रेवर सीओपीडी ठरवता येत नाही, पण टीबी, न्यूमोनिया, हृदयाचा आजार वगळायला एक्स-रे लागतो. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या छातीरोग विभागात या तपासणीची चौकशी करा.

पूर्वी टीबी झाला असेल, मग तो वीस वर्षांपूर्वीचा का असेना, डॉक्टरांना विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगा. त्याचा संबंध पुढे येतोच.

खोक्यावरची नावं कशी वाचायची

जोड-औषधाचा पंप म्हणजे एकाच डब्यात दोन किंवा तीन औषधं. कंपनीची नावं शेकडो आहेत, ती पाठ करू नका. खाली बारीक अक्षरात मूळ औषधाची नावं असतात, त्यांचं शेपूट बघा.

शेवट 'टेरॉल' असेल (फॉर्मोटेरॉल, साल्मेटेरॉल, विलँटेरॉल, इंडाकॅटेरॉल) तर ते श्वासनलिकेभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करणारं, लांब पल्ल्याचं औषध. पहिली दोन साधारण बारा तास पुरतात म्हणून दिवसातून दोनदा, पुढची दोन चोवीस तास पुरतात म्हणून एकदाच.

शेवट 'नियम' किंवा 'पियम' असेल (टायोट्रोपियम, ग्लायकोपायरोनियम, युमेक्लिडिनियम) तर तेही श्वासनलिका मोकळ्या करतं, पण वेगळ्या वाटेने. ज्या मज्जातंतूंच्या इशाऱ्याने नलिका आवळतात, तो इशाराच ते अडवतं. खोक्यावर कधी 'ग्लायकोपायरोलेट' असं लिहिलेलं असतं, तेही याच घरातलं.

शेवट 'सोन' किंवा 'सोनाइड' असेल (फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन, ब्युडेसोनाइड) तर ते स्टेरॉइड. आतली सूज कमी करणं हे त्याचं काम.

म्हणजे फोराकॉर्टमध्ये ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल, सेरोफ्लोमध्ये फ्लुटिकासोन आणि साल्मेटेरॉल: दोन्हींत एक स्टेरॉइड आणि एक 'टेरॉल'. काही पंपांत 'टेरॉल' आणि 'नियम' अशी स्टेरॉइड नसलेली जोडी असते. तिन्ही एकत्र असलेल्याला डॉक्टर ट्रिपल म्हणतात.

नावापुढचा आकडा हा बहुतेक वेळा स्टेरॉइडचा असतो. '२००' म्हणजे एका दाबात २०० मायक्रोग्रॅम. एकाच नावाचा १००, २०० आणि ४०० मिळतो, तेव्हा दुकानदाराने दिलेला आकडा चिठ्ठीशी ताडून बघा. दुकानात २०० नाही म्हणून ४०० ची एक कॅप्सूल घ्या, असा हिशेब घरी करू नका. स्टेरॉइडचा हिशेब जुळला तरी जोडीच्या 'टेरॉल'चा जुळतोच असं नाही.

स्टेरॉइड म्हटलं की लोक दचकतात, म्हणून थोडं सांगतो. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलीग्रॅमचा हजारावा भाग. २०० चे दिवसाला चार दाब घेतले तर दिवसभरात ८०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलीग्रॅमही नाही, आणि तेही बरंचसं छातीतच काम करतं. याउलट दम उसळल्यावर पोटातून स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतात तेव्हा दिवसाला ४० मिलीग्रॅमपर्यंत देतात. पंपाला घाबरून तो बंद करायचा आणि मग दर दोन महिन्यांनी सुया-गोळ्या घ्यायच्या, हा सौदा फार महागात पडतो. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, कातडी पातळ होते.

कुणाला कोणती जोडी

हे ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. पण कशावरून ठरतं ते माहीत असेल तर योग्य प्रश्न विचारता येतात.

सीओपीडीत आज सर्वसाधारण रीत अशी आहे की त्रास रोजचा असेल तर आधी 'टेरॉल' आणि 'नियम' ही जोडी. वर्षातून वारंवार दम उसळत असेल किंवा त्यासाठी भरती व्हावं लागलं असेल, आणि रक्तातल्या इओसिनोफिल या पेशी वाढलेल्या असतील, तर तिसरं स्टेरॉइड जोडतात. साध्या रक्ततपासणीत हा आकडा कळतो: ३०० किंवा त्याहून जास्त असेल तर स्टेरॉइडचा चांगला उपयोग होण्याची शक्यता, १०० पेक्षा कमी असेल तर उपयोग फारसा नाही आणि न्यूमोनियाचा धोका मात्र पदरात. पूर्वी टीबी झालेल्यांत आणि वारंवार न्यूमोनिया होणाऱ्यांत डॉक्टर स्टेरॉइड देताना हात राखतात ते याचमुळे. मात्र सीओपीडीबरोबर दमाही असेल तर स्टेरॉइड हवंच. दम्यात 'टेरॉल' एकट्याने घेणं धोक्याचं आहे.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'इम्पॅक्ट' या दहा हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात तीन औषधं एकत्र घेणाऱ्यांना दम उसळण्याचे मध्यम ते गंभीर प्रसंग वर्षाला सरासरी ०.९१ आले, तर दोन औषधं घेणाऱ्यांना जोडीप्रमाणे १.०७ आणि १.२१. फरक आहे, पण हे सगळे आधी दम उसळलेले रुग्ण होते, आणि स्टेरॉइड असलेल्या गटांत न्यूमोनिया जास्त दिसला. त्यामुळे शेजारच्या नानांना ट्रिपल चालू आहे म्हणून आपणही मागावा, असं करू नका.

पुढच्या भेटीत तीन गोष्टी विचारा: माझ्या पंपात स्टेरॉइड आहे का? असेल तर कशासाठी? आणि घाईच्या वेळी घ्यायचा पंप कोणता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीवर लिहून मागा. जोड-औषधाचा पंप रोजचा असतो, त्याने आजार ताब्यात ठेवायचा. अचानक दम लागला तर साल्ब्युटामॉलचा (अस्थालिन वगैरे) किंवा लेवोसाल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम जोडीचा (ड्युओलिन वगैरे) वेगळा पंप असतो, जो काही मिनिटांत काम करतो आणि चार-सहा तासांत उतरतो. आमच्या घरी रोजच्या पंपाला पांढरा आणि घाईच्या पंपाला लाल दोरा बांधला आहे. माय शाळेत गेलेली नाही, पण तिचा घोळ आजवर एकदाही झालेला नाही.

पंप घेण्याची रीत

फवाऱ्याच्या पंपात औषध स्वतःच जोराने बाहेर येतं, म्हणून श्वास संथ ओढायचा. कॅप्सूलची पूड स्वतःहून उडत नाही, ती तुमच्या श्वासानेच उडते, म्हणून श्वास जोरात ओढायचा. उलट केलं तर फवारा घशावर आपटतो आणि पूड जागच्या जागी राहते.

माझा आग्रह असा की साठीच्या वरच्या प्रत्येकाने फवाऱ्याचा पंप स्पेसर लावूनच घ्यावा. स्पेसर म्हणजे प्लास्टिकचा पोकळ नळा. फवारा त्यात थांबतो, दाबणं आणि ओढणं एकाच क्षणी जुळवावं लागत नाही आणि घशात कमी बसतं.

१. ताठ बसा किंवा उभे राहा. झोपून नको. झाकण काढा आणि तोंडाच्या भागात काही अडकलंय का ते बघा. पिशवीत झाकणाशिवाय राहिलेल्या पंपात दाणे, सुपारीचे तुकडे सापडलेत मला.

२. पंप पाच-सहा वेळा चांगला हलवा. बहुतेक पंपांत औषध तळाशी बसतं. न हलवता दाबला तर औषध नीट प्रमाणात येत नाही. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी हवेत काही दाब सोडा. किती, ते आतल्या कागदावर लिहिलेलं असतं.

३. पंप स्पेसरला जोडा. श्वास पूर्ण बाहेर सोडा, स्पेसरमध्ये नाही, बाजूला. ही पायरी लोक हमखास गाळतात. छाती आधीच हवेने भरलेली असेल तर औषध जायचं कुठे?

४. स्पेसरचं तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा. एकच दाब द्या आणि लगेच संथपणे, चार-पाच सेकंद श्वास ओढत राहा. काही स्पेसर फार जोरात ओढलं की शिट्टी वाजवतात, ती वाजली तर वेग कमी करा.

५. तोंड मिटून मनात दहापर्यंत मोजा. दहा जमत नसेल तर पाच, तेही होत नसेल तर स्पेसरमधूनच चार-पाच साधे श्वास आत-बाहेर घ्या. म्हाताऱ्या आणि फार धाप असलेल्या माणसांना हीच रीत सोपी जाते.

६. दुसरा दाब सांगितला असेल तर अर्धा-एक मिनिट थांबा, पुन्हा हलवा, पुन्हा सगळं पहिल्यापासून. दोन दाब एकदम स्पेसरमध्ये सोडून एका श्वासात ओढू नका.

७. पंपात स्टेरॉइड असेल तर घसा खळखळून चूळ भरा आणि पाणी थुंका. कवळी असेल तर ती काढून धुवा.

स्पेसर आठवड्या-पंधरा दिवसांनी कोमट पाण्यात थोडा साबण घालून बुडवा आणि सावलीत उभा करून आपोआप वाळू द्या. आतून फडक्याने पुसू नका. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटतं. पंपाची धातूची बाटली मात्र कधीही पाण्यात बुडवायची नाही.

आता कॅप्सूल. रोटाहेलर असेल तर कॅप्सूलचा पारदर्शक भाग आधी जाईल अशी ती चौकोनी भोकात घाला, वरची कड भोकाच्या पातळीत येईपर्यंत दाबा, मग बूड अडेपर्यंत फिरवा. आत कॅप्सूलचे दोन भाग सुटे होतात. श्वास बाजूला सोडा, ओठ घट्ट लावा, आणि एकदम जोरात, खोल ओढा. दहा सेकंद थांबा. उघडून बघा, पूड उरली असेल तर पुन्हा ओढा. उपकरणात तोंडाची वाफ गेली की पूड चिकटते, म्हणून त्यात कधीही फुंकू नका. इतर उपकरणांत कॅप्सूलला टाचणीसारखं भोक पडतं, तिथे ओढताना ती फिरल्याचा खुळखुळ आवाज यायला हवा. आणि ही कॅप्सूल गिळायची नसते. चुकून गिळली तर घाबरायचं कारण नाही, पण औषध वाया गेलं असं समजा.

कॅप्सूलला जोर लागतो. छाती फार अधू झालेल्या, हाडं दिसणाऱ्या म्हाताऱ्यांना तो जोर येत नाही. त्यांना फवारा आणि स्पेसर बरा. त्याउलट बोटांत संधिवात असेल तर पंप दाबणं जड जातं. तिथे दोन्ही अंगठे लावून दाबा किंवा घरातल्याने दाबून द्या. वाफेचं मशीन (नेब्युलायझर) पंपापेक्षा भारी, ही समजूत खरी नाही. नीट घेतलेला स्पेसरचा पंप बहुतेकांना तितकंच काम देतो, आणि लाइट गेली तरी चालतो.

वेळ, मोजणी आणि खान्देशचं ऊन

सकाळ-संध्याकाळचा पंप दात घासण्याला जोडून टाका. आधी पंप, मग दात, म्हणजे चूळ आपोआप भरली जाते. एखादी वेळ हुकली तर आठवेल तेव्हा घ्या, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दुप्पट घेऊ नका. फरक जाणवायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत गुण नाही म्हणून बंद करणारे दर महिन्याला माझ्या दुकानात येतात.

पंप संपला की नाही हे हलवून कळत नाही. औषध संपल्यावरही गॅस उरतो, आवाजही येतो. पाण्यात तरंगवून बघण्याची जुनी युक्तीही विसरा. पंपावर आकडे असतील तर ते बघा. नसतील तर साधा हिशेब करा: १२० दाबांचा पंप, दिवसाला चार दाब, म्हणजे ३० दिवस. सुरू केल्याची तारीख खोक्यावर लिहा आणि कॅलेंडरवर संपायच्या आठ दिवस आधी खूण करा.

बहुतेक पंपांवर ३० अंशांच्या खाली ठेवायला सांगितलेलं असतं. आपल्या जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या घरात, गाडीच्या डिकीत, ट्रॅक्टरच्या सीटखाली पंप ठेवू नका. आत दाबाखालचा गॅस आहे, डबा फुटू शकतो. मधल्या खोलीत, जमिनीलगतच्या फडताळात, माठाच्या बाजूला (ओल लागणार नाही अशा अंतरावर) ठेवा. फ्रीज लागत नाही. धुळ्याच्या हिवाळ्यात पहाटे डबा गारठतो, तेव्हा तळहातात धरून जरा ऊब द्या. कॅप्सूलचं वैरी पाणी. पावसाळ्यात त्या ऐन वेळी पाकिटातून काढा, ओल्या हाताने धरू नका, मोरीजवळच्या कोनाड्यात ठेवू नका.

काय खटकेल आणि काय सांगायला हवं

'टेरॉल'ने सुरुवातीला हात थरथरतात, छाती धडधडते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. बहुतेकांचं काही दिवसांत कमी होतं. धडधड थांबत नसेल किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांशी बोला. 'नियम'ने तोंड कोरडं पडतं. वयस्कर पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडू शकते, ते लाजून लपवू नका. काचबिंदू असेल तर तेही सांगा, दोन कारणांनी: 'नियम'चा फवारा डोळ्यात गेला तर दाब वाढू शकतो, आणि काचबिंदूच्या काही थेंबांतलं टिमोलॉल श्वासनलिका आवळतं. डोळ्यांच्या थेंबांचा छातीशी काय संबंध, असं वाटून कुणी सांगतच नाही. स्टेरॉइडने आवाज बसतो, तोंडात दह्यासारखी पांढरी बुरशी येते. चूळ आणि स्पेसर यांनी हे बरंच टळतं. ताप आणि हिरवा-पिवळा बेडका आला तर न्यूमोनियाची शंका धरून लवकर दाखवा.

एक चूक मी वर्षातून अनेकदा बघतो. जळगावच्या डॉक्टरांनी पंप दिलेला असतो, गावच्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिलेली असते, नावं वेगळी, आणि आत दोन्हीकडे फॉर्मोटेरॉल. माणूस दोन्ही घेतो, रात्रभर छाती धडधडते, आणि घरचे हृदयाच्या दवाखान्यात पळतात. शेपटं वाचायची सवय इथे कामी येते: दोन खोक्यांवर एकाच शेपटाची दोन रोजची औषधं दिसली, तर घेण्याआधी विचारा.

खर्चाचंही बोलतो. जोड-पंप महिन्याला महिना परवडत नाही म्हणून एक दिवसाआड घेणारे खूप आहेत. तसं करण्याऐवजी डॉक्टरांना सरळ सांगा. फवाऱ्याऐवजी कॅप्सूल, किंवा त्याच मूळ औषधाचा दुसऱ्या कंपनीचा पंप स्वस्तात बसू शकतो. जनऔषधी केंद्रात मूळ नावाने विचारा. फक्त उपकरण बदललं की रीत पुन्हा शिकून घ्या.

दम उसळला तर

हा भाग कागदावर उतरवून भिंतीला लावा. धाप नेहमीपेक्षा वाढली, बेडका वाढला, त्याचा रंग पिवळा-हिरवा झाला, यातलं काहीही दिसलं तर वाट बघत बसू नका. दिवाळीनंतरची थंडी आणि होळीची धूळ या दोन वेळा आपल्याकडे खास सांभाळायच्या.

अचानक दम लागला तर आडवं होऊ नका. खुर्चीत पुढे वाकून कोपर गुडघ्यांवर टेका. चहा फुंकतो तसे ओठ करून श्वास सावकाश सोडा, आत घेताना नाकाने. लाल दोऱ्याचा पंप स्पेसरमधून एकेक करून घ्या. बहुतेक डॉक्टर २ ते ४ दाब लिहून देतात, तुमच्या चिठ्ठीवर असेल ते खरं. उतार पडला नाही तर दवाखाना गाठा. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, माणूस गुंगीत किंवा असंबद्ध बोलत असेल, तर सरळ १०८ लावा.

बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घरी असेल तर बरं असताना आकडा किती असतो तो लिहून ठेवा. काही सीओपीडीवाल्यांचा नेहमीचाच ९० च्या आसपास असतो. घरी ऑक्सिजन चालू असेल तर 'जास्त दिला की जास्त बरं' असं करू नका. दम उसळलेला असताना या रुग्णांसाठी डॉक्टर साधारण ८८ ते ९२ चं लक्ष्य ठेवतात, त्याहून खूप जास्त दिल्याने काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येते.

कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध घेण्याची श्रद्धा आपल्याकडे जुनी आहे. कुणी खीर घेतली तर मी भांडत नाही, पण त्या रात्रीचा पंप चुकू देऊ नका. कसल्याही नावाची चिठ्ठी नसलेल्या पुड्यांपासून मात्र लांब राहा. ज्या पुडीने दोन तासांत जादूसारखं बरं वाटतं, तिच्यात स्टेरॉइड कुटून घातलेलं असू शकतं, आणि किती, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

धूर थांबवला नाही तर पंप एकटा पुरत नाही

बिडी चालू असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी १८००-११-२३५६ फुकट आहे, त्यावर सल्ला मिळतो. चूल बंद करता येत नसेल तर अंगणात आणा, वांगी भाजताना वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसा, आणि दम असलेल्या बाईला फुंकणी देऊ नका. आमच्याकडे सिलिंडर आला तरी आखाजीचं खापर गेलं नाही. आता ते सून मांडते, आणि माय लांब कट्ट्यावर बसून पुरण वाटते. डास पळवायची कॉइल रात्रभर बंद खोलीत लावणं थांबवा, मच्छरदाणी वापरा. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टर सांगतील तशी घ्या. आणि चालणं सोडू नका. दम लागतो म्हणून बसून राहिलं की पायांचं बळ जातं आणि मग थोड्याशा चालण्यानेही दम लागतो. ओटा ते विहीर, विहीर ते मारुती, असं थोडं-थोडं वाढवा.

डॉक्टरांकडे जाताना पंप आणि स्पेसर पिशवीत घेऊन जा आणि त्यांच्यासमोर एकदा घेऊन दाखवा. औषध पुरत नाही असं वाटलं तर वाढवायच्या आधी ही परीक्षा व्हायला हवी. मायची झाली तेव्हा औषध वाढलं नाही, स्पेसर तेवढा आला. दोन महिन्यांनी न्हाणीघरातून बाहेर आल्यावर तिला दाराला धरून उभं राहावं लागेनासं झालं.

चैत्रात आमच्या गल्लीतली माणसं वणीच्या गडाला पायी निघाली तेव्हा तिने हट्ट धरला. पायी नको, गाडीने जाऊ आणि वर ट्रॉलीने, यावर तडजोड झाली. निघताना पिशवीत पाण्याची बाटली, ओल्या फडक्यात नव्हे तर कोरड्या टॉवेलात गुंडाळलेले दोन्ही पंप, स्पेसर, चिठ्ठीचा झेरॉक्स, आणि एक जादाचा लाल दोऱ्याचा पंप माझ्या खिशात. गडावर संध्याकाळचे सात वाजले तशी तिने गर्दीतून बाजूला होऊन स्पेसर काढला, पंप हलवला, श्वास सोडला, दाबला, आणि डोळे मिटून बोटांवर दहापर्यंत मोजलं.